आवतन आलं तो उन्हाळा

परीक्षेच्या हॉलमधल्या कूलरचा वास मला दुरूनच ओळखू येतो. वाळा नवा असला की पहिले चार दिवस बरे जातात. मग टाकीतलं पाणी जुनं होतं आणि ओल्या गोणपाटाचा वास सुटतो. यवतमाळात मे महिन्यात कूलरचं पाणी बदलायची चैन कोण करणार? नळ आला की आधी प्यायचं भरायचं, मग वापरायचं, आणि काही उरलंच तर कूलरचा नंबर. त्यामुळे इथे परीक्षा म्हटली की तो वास आलाच.

पूर्वी मी त्या वासात बाकावर बसायची, आता खुर्चीवर बसते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला पगार उशिरा मिळतो, पण पर्यवेक्षण वेळेवर मिळतं. काल एम.टेक.च्या सायबर सुरक्षेचा पेपर होता. समोर पाच जण. प्रश्नपत्रिका वाटून उरलेली एक मी चाळायला घेतली आणि सातव्या प्रश्नावर थांबले. संगणकावर हल्ला झाल्याचं लक्षात आल्यावर करायच्या कामाचे टप्पे क्रमाने लिहा. हाच प्रश्न माझ्या वर्षी आला होता. मी तो सोडवला होता, आणि त्यानंतर अर्ध्या तासात घरच्याच एका फोनवर करून दाखवला होता.

त्या वर्षी आम्ही वर्गात चौघं होतो. प्रयोगशाळेत जुने संगणक आणि एक खिडकी. खिडकीबाहेर कडुलिंब होता. एप्रिलमध्ये त्याचा बारीक पांढरा मोहर उडून की-बोर्डच्या फटींत जाऊन बसायचा. कोपऱ्यातला एक संगणक बाहेरच्या कुठल्याच जाळ्याला जोडलेला नव्हता. त्यात आम्ही मुद्दाम व्हायरस सोडायचो आणि तो काय काय खातो ते पाहत बसायचो. फार मजा यायची. साप पाहायला लोक कसे जमतात, काचेबाहेर उभे असले म्हणजे? तसंच काहीसं होतं ते.

आमचे सर मितभाषी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या. माहिती नको त्याच्या हाती पडू नये, ती कुणी बदलू नये, आणि हवी तेव्हा ती मिळावी. सुरक्षा म्हणजे एवढंच, म्हणाले. पहिल्या दोन गोष्टींच्या मागे आम्ही वेड्यासारखे लागलो. कुलपं, किल्ल्या, मोठमोठ्या मूळ संख्यांची गणितं. तिसरीत काय आहे शिकण्यासारखं, असं मला वाटायचं. नक्कल करून ठेवा, दोन जागी ठेवा, संपलं. सर मात्र दर आठवड्याला फिरून तिथेच यायचे. ज्या बॅकअपवरून तुम्ही एकदाही काही परत आणून पाहिलं नाही, तो बॅकअप आहे असं धरू नका, हे त्यांचं पालुपद. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती. रेघा मारण्यात मी पहिल्यापासून हुशार.

माझं घर फुलसावंगीला. बाबा हंगामात मुकुटबनकडे जिनिंगमध्ये जायचे. दिवाळीनंतर निघायचे ते कापसाचा शेवट होईपर्यंत आत्याकडे, म्हणजे त्यांच्या बहिणीकडे, राहायचे. जिल्ह्याच्या या टोकाचं घर आणि त्या टोकाची नोकरी. आईला अक्षरं जुळवून वाचता येतात, पण चष्मा लागतो आणि चष्मा कधी जागेवर नसतो. म्हणून बाबा तिला मोबाइलवर बोलून निरोप पाठवायचे. आमच्याकडे त्याला सगळे व्हॉइस म्हणतात. मला मात्र ते टाइप करून पाठवायचे, एका बोटाने, पाच पाच मिनिटं लावून. ‘जेवन केल का. अभ्यास कर. बाबा.’ शिकणाऱ्या पोरीला बोलून पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. त्यांचे ते लिहिलेले निरोप माझ्याकडे अजून आहेत. त्यात अनुस्वार नाहीत, आणि आवाजही नाही.

आईच्या फोनमध्ये दोन हंगामांचे व्हॉइस होते. नळाले पानी आलं काय. गोळी घेतली काय. आज डब्यात वांगे होते, तुह्या हातचे नव्हते. मागे जिनिंगच्या यंत्राची घरघर आणि मधूनच बाबांचा खोकला, कारण कापसाची रुई घशात जायची. बाबा गेले ते आदल्या वर्षीच्या फाल्गुनात, दवाखान्यात, एका दिवसात. त्या धावपळीत त्यांचा स्वतःचा फोन कुणी उचलला की कुठे पडला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून आईने एक नेम धरला. दुपारची भांडी झाली की ती अंगणातल्या सावलीत बसायची, फोन कानाला लावायची आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे व्हॉइस ओळीने ऐकायची. शेजारणींना वाटायचं ही रोज कुणाशी बोलते. खरं तर ती बोलायचीच. गोळी घेतली काय असं बाबांनी विचारलं की ‘घेतली’ म्हणायची.

ते सगळं दुसऱ्या जागी उतरवून ठेवायला हवं हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, मी त्याचंच शिक्षण घेत होते. उलट, आईच्या फोनवर आपोआप होणारी नक्कल मीच बंद केली होती. आपल्या घरची किल्ली परक्याच्या खुंटीला कशाला टांगायची, असं नवंनवं ज्ञान तेव्हा डोक्यात होतं. माझ्या लॅपटॉपवर मी स्वतः उतरवून घेणार होते. दिवाळीत वायर विसरले. जानेवारीत वायर नेली, पण दोनच दिवस होते आणि आईला डोळे दाखवायला न्यायचं होतं. मग ठरलं, परीक्षा झाली की.

आवतनाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे जेवणाच्या, लग्नाच्या बोलावण्याला आवतन म्हणतात. घरटी एकाला बोलावलं तर ते साधं. सगळ्या घराला बोलावलं, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची नाही, तर ते चूलबंद आवतन. वस्तीत कुणाचंही लग्न असो, आवतन द्यायला बाबांना धाडायचे. त्यांचा आवाज मोठा होता आणि कुणाचं घर सुटायचं नाही. दारात उभं राहून ते एवढंच म्हणायचे, ‘उद्या चूलबंद हाय बरं.’ घर सुटलं तर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आवतन आलं आणि घेतलं नाही, तरी तेच.

आता पत्रिका फोनवर येतात, पण मानपान तसाच आहे. पत्रिका पाठवली आणि तुम्ही ती उघडून पाहिली नाही, हे पाठवणाऱ्याला खुणेवरून कळतं. मग भेटल्यावर टोमणा ठरलेला. उघडा, हात जोडल्याचं चित्र पाठवा, तेव्हा आवतन पोचलं. बाबा गेल्यावर आईला ही चित्रं पाठवायची वेळ फारशी आली नाही. मुद्दाम कुणी टाळलं असं नाही म्हणता येणार. पण बोलावणं बाबांच्या फोनवर यायचं, तो फोनच नव्हता, आणि तिचा नंबर घ्यावा हे कुणाला सुचलं नसेल. मुकुटबनच्या आत्याने तर वर्षभर फोन केला नव्हता. भाऊ आपल्या घरून दवाखान्यात गेला आणि परत आला नाही, हे तिच्या मनात बसलं होतं. आईला वाटायचं, ती आपल्यालाच काही म्हणते आहे.

मी आईला चांगलं शिकवून ठेवलं होतं. अनोळखी नंबरवरून काही आलं तर उघडायचं नाही. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याशी बोलायचं नाही. आलेला आकडा कुणाला सांगायचा नाही. तिने हे सगळं आर्णीच्या बाजारात भाव विचारावा तशा सहजपणे पाठ केलं होतं आणि शेजारणींनाही पढवलं होतं. पण त्या सकाळी जे आलं ते अनोळखी नंबरवरून आलंच नव्हतं. ते आत्याच्या नंबरवरून आलं. नाव होतं ‘लग्नपत्रिका’.

आत्याची मुलगी लग्नाची होती. आईला वाटलं, जमलं. वर्षभराचा अबोला मिटला, आणि तोही आवतन पाठवून. तिने हात पुसले, चष्मा शोधला आणि पत्रिका उघडली. उघडेना. फोनने दोनदा काहीतरी परवानगी मागितली, तिने दोनदा हो म्हटलं. आवतनाले नाही कसं म्हणावं, असं तिने मला नंतर विचारलं. तिने माझा प्रत्येक नियम पाळला होता. नियमच तोकडा होता.

त्या वेळी मी हॉलमध्ये सातवा प्रश्न लिहीत होते. आधी यंत्र जाळ्यापासून तोडा. मग पसरलेलं आवरा. मग समूळ पुसून टाका. मग नव्याने उभं करा. प्रत्येक टप्प्याखाली चार चार ओळी आणि एक सुबक आकृती. पेपर झाला, झाडाखाली येऊन फोन सुरू केला तर आईचे, मामीचे, शेजारच्या काकूचे फोन येऊन गेलेले. आईच्या फोनवरून साऱ्या गावाला ‘लग्नपत्रिका’ जात होती.

आई तोवर जाकीरभाईंच्या दुकानात पोचली होती. बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारे हे गृहस्थ बाबांच्या बैठकीतले. मी त्यांच्या नंबरवर फोन लावून बोलले, आणि काय रुबाबात बोलले. नुकताच पेपर लिहून आलेला माणूस फार धोकादायक असतो. सिम काढा म्हटलं. मग म्हटलं, फोन पूर्ण रिसेट मारा.

जाकीरभाई थांबले. म्हणाले, ‘बेटा, सब उड जाएगा. काही ठेवायचं हाय का याच्यातलं?’

मी खरोखर विचार केला, हे मला आठवतं. फोटो माझ्याकडे आहेत. नंबर सिमवर आहेत. बँकेत तसंही फार काही नाही. माझ्या मनाने भराभर यादी केली आणि त्या यादीत बाबा नव्हते. मी म्हटलं, नाही, काही नाही, पुसून टाका.

त्यांनी आपला फोन आईकडे दिला. बहुधा त्यांना वाटलं असेल, हिलाही विचारावं. आई म्हणाली, ‘तू म्हनतं म्हनजे बरोबरच असन, बाई.’

खोलीवर आले. ऊन इतकं होतं की दाराची कडी हाताला चटका देत होती. मी कांदा-भाकर खाल्ली, पंख्याखाली पडले, आणि मला छान झोप लागली. हे लिहायची लाज वाटते, पण लागली. तीनच्या सुमाराला आईचा फोन आला. तिची भांडी झाली होती. आवाजात काळजी नव्हती, नुसतं विचारणं होतं, मीठ कुठे ठेवलं असं विचारावं तसं.

‘बाई, तुह्या बाबाचे व्हॉइस कुठी गेले?’

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली. आर्णीला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून मी उगाच पाणी प्यायले. शेतांत कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते आणि काळी जमीन भेगाळून पडली होती. मांडीवर लॅपटॉप होता आणि या वेळी वायर विसरले नव्हते. बैल गेला अन् झोपा केला, असं बाबाच म्हणायचे.

दोन दिवस मी त्या फोनशी झटले. जाकीरभाईंनी दुकान बंद ठेवून मला टेबल दिलं, चहा आणून दिला, आणि एकदाही म्हणाले नाहीत की मी विचारलं होतं. आई बाकावर बसून माझ्या हातांकडे पाहत होती. मी एवढं शिकलेली, मी आणणारच, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तो चेहरा मला पाहवेना. फोनच्या पोटात काय होतं ते मला पुस्तकातून पाठ होतं. आतलं सगळं एका किल्लीने कुलूपबंद असतं, आणि रिसेट मारलं की आधी ती किल्ली नष्ट होते. मग सामान असलं काय, नसलं काय. हेच कुलूप किती पक्कं आहे, यावर मी पहिल्या सहामाहीत अर्धा तास भाषण दिलं होतं. तरी मी सरांना फोन केला. ते म्हणाले, नाही होणार.

तेव्हा दुसरीकडे शोधायला लागलो. कुणाकडे तरी बाबांचा आवाज असेल. मामाकडे नव्हता. आत्याला आईनेच फोन केला, वर्षाने. आत्याच्या मुलीचं लग्न वगैरे काही नव्हतं, तिचाही फोन तसाच नासला होता आणि तिला वाटत होतं की आता आई भांडणार. दोघी खूप रडल्या. अबोला असा मिटला, पण आवाज तिच्याकडेही नव्हता. घरातच राहणाऱ्या माणसाला व्हॉइस कोण पाठवतं? एका चुलतभावाच्या लग्नाच्या व्हिडिओत बाबा सापडले. पांढरा सदरा, हात हलवून कुणाला तरी जेवायला बसवताहेत, तोंड हलतं आहे. वरून बँड वाजतो आहे. आम्ही तो तुकडा पुष्कळदा पाहिला. आई म्हणाली, राहू दे.

परत आल्यावर मी माझ्याही फोनवर आलेली ती ‘लग्नपत्रिका’ कोपऱ्यातल्या त्या संगणकात सोडली आणि उकलून पाहिली. कुणाचं तरी घाईचं, गबाळं काम होतं. मी आता तपासायला घेतलं तर पास करणार नाही इतकं गबाळं. आत पत्रिकेचं एक चित्र होतं, वर गणपती आणि खाली नावांच्या जागी टिंबं. आमच्यात पत्रिकेवर बुद्धाचं चित्र असतं. आईला ते चित्र दिसलं असतं तर तिने क्षणात ओळखलं असतं, पण ते शेवटपर्यंत उघडलंच नव्हतं. आणखी एक कळलं. विमानात बसल्यावर करतात तसा फोन जाळ्यापासून तोडून तो प्रोग्राम काढला असता, तर भागलं असतं. पुसून टाकायची गरज नव्हती. सर म्हणाले, रिसेट हा शेवटचा उपाय असतो. मला ते माहीत होतं. मी तसं उत्तरपत्रिकेत लिहिलंही होतं, कंसात.

ती उकल पुढे माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना फार आवडली. उदाहरण अगदी जिवंत आहे, म्हणाले. सातव्या प्रश्नालाही मला चांगले गुण पडले असणार, कारण त्या पेपरात मी पहिली आले. गुणपत्रक आईला दाखवलं. तिने ते बुद्धाच्या फोटोखाली ठेवलं आणि वंदन केलं. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

काल पर्यवेक्षण करताना एक मुलगी सातव्या प्रश्नाची आकृती काढत होती. पट्टीने, सावकाश, चौकोनातून चौकोनाकडे बाण. मला वाटलं, जाऊन तिला म्हणावं, पुसण्याच्या आधी एक चौकोन रिकामा सोड, आणि त्यात लिही की घरच्यांना विचारा. पण पर्यवेक्षकाने बोलायचं नसतं. मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

पेपर संपल्यावर गाडी पकडून घरी आले. आज सकाळपासून आई कुरडया घालत होती. मी चीक हाटून दिला. दुपारी भांडी झाल्यावर आम्ही अंगणात बसलो. आई अजून त्याच वेळी, त्याच जागी बसते. फोन जवळ नसतो. मध्यंतरी मी तिला म्हटलं होतं, बाबांचे बोल तुला पाठ आहेत, तू म्हण, मी रेकॉर्ड करून घेते, तीन जागी ठेवते. ती म्हणाली होती, माह्या आवाजात कायले? तेव्हापासून तो विषय बंद होता. आज तिनेच काढला.

‘मले बोल सारे आठवते,’ ती म्हणाली. ‘कोन्त्याच्या मांगं कोन्ता, सारं पाठ हाय. पन आवाज नाही येत कानात. मीच बोलून राह्यली असं वाटते. तुले आठवते काय तुह्या बाबाचा आवाज?’

मी डोळे मिटले. ‘उद्या चूलबंद हाय बरं’ हे शब्द आणून पाहिले. शब्द आले. जिनिंगची घरघर आली, खोकला आला, पांढरा सदरा आला. मी पुन्हा प्रयत्न केला. बँड वाजायला लागला.

‘आठवते ना, माय,’ मी म्हटलं.

‘पक्का?’

‘पक्का.’

ती हसली. किती दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं.

‘मंग ठीक हाय,’ ती म्हणाली. ‘एकीपाशी तरी हाय.’ आणि कुरडया उलटवायला उठली.